समुद्रप्रदूषण, सागरी कासवे आणि गणिती प्रतिमाने : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

मराठीत ‘कासव’ या एकाच शब्दाने तळ्यातील, नदीतील व समुद्रातील अशा तिन्ही ठिकाणच्या प्राण्यांचा निर्देश होतो. व्यवहारात त्यावाचून काही अडत नाही. परंतु शास्त्रीय विवेचनात हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे ठरते. सागरी कासवाला डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात आणि त्याचे जवळजवळ सर्व आयुष्य पाण्यात जाते. मादी तेवढी अंडी घालण्यापुरती वाळूवर येते, तीही बहुधा रात्री, आणि तास-दीड तासात परत फिरते. नर जन्मानंतर सामान्यतः कधीच भूमीवर येत नाही. मनुष्याच्या दृष्टीस जे पडते ते म्हणजे काही घरटी, काही पिल्ले आणि अधूनमधून लाटांनी किनाऱ्यावर टाकलेली मृत अथवा जखमी कासवे. उरलेले सारे आयुष्य समुद्राच्या पोटात दडलेले असते.

अशा प्राण्यावर समुद्रातील प्रदूषणाचा परिणाम किती होतो, हे ठरवावयाचे कसे? प्रत्यक्ष मोजणी अशक्य असल्यामुळे गणिताचा आश्रय करावा लागतो. हे गणित कोणत्या स्वरूपाचे असते, त्यावरून काय निष्पन्न होते आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याला ते कितपत लागू पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्रतिमान म्हणजे काय

‘प्रतिमान’ या शब्दाने येथे एखाद्या वस्तूची लहान प्रतिकृती अभिप्रेत नाही, आणि भविष्यकथन तर मुळीच नाही. प्रतिमान हे एक सशर्त विधान होय : ‘अमुक गोष्टी अशा असतील, तर तमुक गोष्ट अशी होईल.’ मराठी वाक्यात ‘जर’ व ‘तर’ यांचे जे नाते असते तेच येथे संख्यांमध्ये असते. ‘जर’च्या बाजूस आपली गृहीते येतात आणि ‘तर’च्या बाजूस त्यांपासून गणिताने निघणारा निष्कर्ष येतो. गृहीते चुकली तर निष्कर्ष चुकतो. परंतु गृहीते उघडपणे मांडलेली असल्यामुळे चूक कोठे झाली ते शोधता येते. प्रतिमानाचे हेच मुख्य मोल आहे. मनात धरलेल्या अंदाजाची अशी तपासणी करता येत नाही.

सागरी कासवांच्या अभ्यासात प्रामुख्याने तीन प्रकारची प्रतिमाने वापरली जातात. पहिले संख्येच्या वाढ-घटीचे, दुसरे प्रदूषणाची मात्रा व मृत्यू यांच्या संबंधाचे, आणि तिसरे समुद्रात वाहत जाणाऱ्या वस्तूंच्या मार्गाचे.

२. वयोगटांचा हिशेब

प्राण्यांच्या समूहाचा वयोगटांनुसार हिशेब ठेवण्याची पद्धती पॅट्रिक लेस्ली यांनी १९४५ साली मांडली. १९६५ साली लेफकोविच यांनी तीत बदल करून वयाऐवजी जीवनाच्या अवस्था घेतल्या. कासवाचे वय बाहेरून ओळखता येत नाही, कवचाची लांबी मात्र मोजता येते. म्हणून ही दुसरी पद्धती कासवांना विशेष सोयीची ठरली.

तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक अवस्थेतील कासवांची संख्या एका स्तंभात मांडावयाची. एका वर्षात प्रत्येक अवस्थेतील किती कासवे जगतात, किती पुढील अवस्थेत जातात आणि माद्या किती अंडी घालतात, हे आकडे एका चौकोनी सारणीत लिहावयाचे. या वर्षाच्या स्तंभाला सारणीने गुणले की पुढील वर्षाचा स्तंभ मिळतो. हा गुणाकार पुनःपुन्हा केला असता काही काळाने एकूण संख्या दर वर्षी एका ठराविक पटीने बदलू लागते. ही पट १ असेल तर समूह स्थिर, १ पेक्षा अधिक असेल तर वाढता आणि कमी असेल तर घटता, असे समजावयाचे.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर व हॅल कॅस्वेल यांनी १९८७ साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील ‘लॉगरहेड’ जातीच्या कासवांसंबंधी केला. त्यांनी आयुष्याच्या सात अवस्था पाडल्या. वर्षभर जगण्याचे प्रमाण त्यांनी असे धरले : अंडी व पिल्ले ०.६७४७, लहान किशोर, वय १ ते ७, ०.७८५७, मोठे किशोर, वय ८ ते १५, ०.६७५८, उपप्रौढ, वय १६ ते २१, ०.७४२५, आणि त्यापुढील प्रौढ ०.८०९१. या आकड्यांवरून वार्षिक पट ०.९४५ निघाली, म्हणजे दर वर्षी साडेपाच टक्के घट. घटीचा हा वेग कायम राहिल्यास समूह सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो.

या आकड्यांचा साधा गुणाकार कोणालाही करून पाहता येईल. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत जगण्याचा संभव काढावयाचा तर पहिल्या वर्षाचा एक, लहान किशोरांचे सात, मोठ्या किशोरांचे आठ आणि उपप्रौढांचे सहा असे बावीस गुणक एकमेकांस गुणावे लागतात. उत्तर येते दहा हजारांत सुमारे नऊ. आता असे समजू की एकही अंडे वा पिल्लू पहिल्या वर्षी मरू दिले नाही. तरी हा संभव दहा हजारांत तेरा-चौदा इतकाच होतो, म्हणजे दीडपट. याउलट अंड्यांना हात न लावता केवळ मोठ्या किशोरांचे वार्षिक प्रमाण ०.६७५८ वरून ०.७७५८ केले, तर तोच संभव दहा हजारांत सत्तावीस, म्हणजे तिप्पट होतो. याचे कारण उघड आहे. पहिल्या वर्षाचा गुणक हिशेबात एकदाच येतो, मोठ्या किशोरांचा आठ वेळा येतो.

क्राउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण सारणीवरून हाच निष्कर्ष काढला : शंभर टक्के अंडी वाचली तरी त्या समूहाची घट थांबत नाही. मोठी कासवे कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरून मरत होती, आणि तो मृत्यू थांबविणे अधिक फलदायी होते. जाळ्यात शिरलेले कासव बाहेर पडू शकेल असे झडपेचे साधन बसविण्याच्या धोरणाला या गणिताने मोठा आधार मिळाला.

३. कोकणातील प्रयत्नांचे मोल

वरील निष्कर्ष ऐकून कोकणातील वाचकाच्या मनात एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहील. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे खाण्यासाठी वा विकण्यासाठी काढून नेत, उरलेली कुत्री, कोल्हे उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली तेथे संरक्षणाचे काम आरंभिले. अंडी कुंपणातील सुरक्षित खड्ड्यांत हलविण्यात येऊ लागली आणि बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडण्यात येऊ लागली. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पुढे आंजर्ले, गुहागर इत्यादी गावांनी, वनविभागाने व राज्याच्या कांदळवन कक्षाने हे कार्य विस्तारले. मग अंडी वाचविण्याने फारसे साधत नाही असे गणित सांगत असेल, तर हे सारे श्रम व्यर्थ गेले काय?

गणिताचे उत्तर तसे नाही. अमेरिकेच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे जगण्याचे प्रमाण आधीच ०.६७ होते, तेथे सुधारणेला वावच दीडपटीचा होता. जेथे बहुतेक सर्व घरटी लुटली जातात तेथील स्थिती निराळी असते. समजा, एखाद्या किनाऱ्यावर शंभरांतील पाचच अंडी पार पडत होती आणि संरक्षणाने हे प्रमाण सदुसष्टवर आले, तर प्रौढ होणाऱ्या कासवांची संख्या तेरा पटींहून अधिक वाढेल. तात्पर्य असे की एखाद्या उपायाचे मोल त्या उपायावर जितके अवलंबून असते, तितकेच तो ज्या स्थितीत योजला जातो त्या स्थितीवरही असते. वेळासच्या ग्रामस्थांनी प्रथम अंड्यांकडे लक्ष दिले हे गणिताच्या दृष्टीनेही योग्यच होते. परंतु तो वाव बहुतांशी वापरून झाल्यावर पुढील प्रश्न समुद्राचा उरतो. किनाऱ्यावर मिळविलेले समुद्रात गमावले जात नाही ना, हे पाहणे आता आवश्यक झाले आहे.

लॉगरहेडचे आकडे ऑलिव्ह रिडलेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. रिडले आकाराने लहान असून ती पुष्कळ लवकर प्रौढ होते. त्यामुळे किशोरावस्थेचे गुणक तिच्या हिशेबात कमी वेळा येतात. युक्तिवादाची दिशा मात्र तीच राहते.

४. प्रदूषणाची मात्रा आणि मृत्यूचा संभव

समुद्रातील प्रदूषण कासवाला अनेक मार्गांनी बाधते. प्लॅस्टिकचे तुकडे व पिशव्या अन्न समजून गिळल्या जातात, आणि आतडे अडते वा फाटते. समुद्रात हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या जाळ्यांत पाय अडकून कासव जायबंदी होते. तेलाचा तवंग श्वासाबरोबर व अन्नाबरोबर शरीरात जातो; त्याचेच पुढे डांबरासारखे गोळे होऊन ते किनाऱ्याला लागतात.

यांपैकी गिळलेल्या प्लॅस्टिकसंबंधी २०१८ साली ऑस्ट्रेलियातील ख्रिस विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचे प्रतिमान प्रसिद्ध केले. मृत कासवांच्या शवविच्छेदनात सापडलेले तुकडे मोजून आणि मृत्यूचे कारण नोंदून त्यांनी तुकड्यांची संख्या व मृत्यूचा संभव यांचा वक्र काढला. एक तुकडा पोटात असेल तर त्यामुळे मृत्यू येण्याचा संभव सुमारे २२ टक्के, आणि चौदा तुकडे असतील तर ५० टक्के, असे त्यांना आढळले. हा वक्र सरळ रेषेत चढत नाही. चौदा तुकड्यांचा धोका एका तुकड्याच्या चौदापट नसतो. तेव्हा ‘एका तुकड्याने काय होणार’ या समजुतीला येथे आधार मिळत नाही.

आता हे दुसरे प्रतिमान पहिल्यात कसे गुंफतात ते पाहू. समजा, दर वर्षी दहा टक्के कासवे प्लॅस्टिक गिळतात आणि त्यांतील २२ टक्के त्यामुळे मरतात. म्हणजे वर्षाला शंभरांत दोनाहून किंचित अधिक कासवे या कारणाने जातात. हा आकडा इतका लहान आहे की कोणत्याही एका वर्षाच्या निरीक्षणात तो दिसणार नाही. परंतु वय १ ते २१ अशी एकवीस वर्षे ०.९७८ हा गुणक लागत राहिला, तर प्रौढ होणाऱ्यांची संख्या ३७ टक्क्यांनी घटते. दीर्घायुषी आणि उशिरा प्रौढ होणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत प्रदूषणाचा धोका या स्वरूपाचा असतो. चक्रवाढ व्याज ज्याला कळते त्याला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. शिवाय, हानी आज झाली तरी घरट्यांच्या संख्येत ती दहा-वीस वर्षांनी दिसते. तोपर्यंत किनाऱ्यावरील मोजणी समाधानकारकच वाटत राहते.

५. वाहत जाणाऱ्या वस्तूचा माग

तिसऱ्या प्रकारच्या प्रतिमानात समुद्राच्या पृष्ठभागावर हजारो कल्पित कण सोडले जातात आणि त्यांची जागा काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा काढली जाते. कणाची नवी जागा म्हणजे जुनी जागा, अधिक प्रवाहाने नेलेले अंतर, अधिक वाऱ्याने ढकललेल्या अंतराचा काही अंश, अधिक भोवऱ्यांमुळे येणारे यादृच्छिक विचलन. अरबी समुद्रात ही बेरीज ऋतुमानाप्रमाणे बदलते. नैर्ऋत्य मोसमी काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, तर हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. पावसाळी वारे पृष्ठभागावरील वस्तू किनाऱ्याकडे लोटतात. जखमी कासवे, जाळ्यांची भेंडोळी व डांबरगोळे पावसाळ्याच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर अधिक का येतात, याचा उलगडा यातून होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने डांबरगोळ्यांच्या उगमाचा शोध अशाच पद्धतीने घेतला आहे.

कासवांचे वावरण्याचे प्रदेश आणि कचऱ्याचे मार्ग हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की धोक्याची स्थळे कळतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका जागतिक अभ्यासात सुमारे निम्म्या सागरी कासवांनी कचरा गिळला असावा असा अंदाज निघाला, आणि सर्व जातींत ऑलिव्ह रिडलेला सर्वाधिक धोका असल्याचे आढळले. कोकणात अंडी घालणारी जात हीच होय.

महाराष्ट्रातील कासवे नेमकी कोठे जातात याचे ज्ञान अलीकडचे आहे. २०२२ च्या आरंभी भारतीय वन्यजीव संस्था व राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसविली. वेळासच्या मादीस ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. २०२३ साली गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट दिशेचे उदाहरणही मिळाले आहे : २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील समूह सर्वस्वी पृथक आहेत, हे गृहीत यामुळे डळमळले.

याचा अर्थ असा की कोकणातील कासवाचे प्रदूषण केवळ कोकणातले नसते. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाले आणि प्लॅस्टिकचे असंख्य मणी व रसायने समुद्रात गेली. त्यानंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक मृत कासवे आढळली. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले तेव्हाही प्लॅस्टिकचे मणी किनाऱ्याला लागले. मालदीवमध्ये टाकाऊ जाळ्यांत अडकलेल्या रिडले कासवांच्या जनुकीय तपासणीत त्यांतील पुष्कळांचे मूळ श्रीलंका व भारताचा पूर्व किनारा असल्याचे दिसून आले.

६. पुण्याचा कचरा कोठे जातो

समुद्रापासून दूर असलेल्या पुणे शहराचा या प्रश्नाशी संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. अरबी समुद्र पुण्याहून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. परंतु मुळा-मुठेचे पाणी तेथे जात नाही. ते भीमेला मिळते, उजनी जलाशयातून पुढे रायचूरजवळ कृष्णेत जाते आणि श्रीशैलम, नागार्जुनसागर व विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याही किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. अपवाद मुळशीच्या पाण्याचा : ते वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिरा येथे सोडले जाते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळते, मात्र ते शहराच्या वरच्या अंगाचे असते.

नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्रतिमानात टप्प्याटप्प्याचे संभव गुणले जातात. समजा, वर उल्लेखिलेल्या चार अडथळ्यांपैकी प्रत्येक ठिकाणी दहांतील एकच वस्तू पुढे सरकते; तर शहरातून निघालेल्या दहा हजार वस्तूंपैकी एकच समुद्रापर्यंत पोचेल. उरलेल्या धरणांच्या गाळात राहतील आणि झिजून बारीक कणांच्या रूपाने पुढे जातील. याउलट उल्हास नदी दाट वस्तीतून वाहत थोड्या अंतरात वसईच्या खाडीला मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक प्रतिमानात समुद्रात प्लॅस्टिक नेणाऱ्या पहिल्या दहा नद्यांत तिची गणना झाली, ती याच कारणाने. नदी मोठी की लहान यापेक्षा ती समुद्राच्या किती जवळ व किती वस्तीतून वाहते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

या हिशेबातून पुणेकरांना लागू पडणारा एक निष्कर्ष निघतो. मुठेत पडलेल्या पिशवीचा समुद्रात पोचण्याचा संभव थोडा आहे. सुट्टीत दापोलीच्या वा वेळासच्या वाळूवर टाकलेल्या पिशवीचा तो जवळजवळ पूर्ण आहे. कासवाची पिल्ले पाहावयास येणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात घ्यावयास हवे.

७. मर्यादा आणि पुढील कार्य

प्रतिमानांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. शवविच्छेदनासाठी मिळणारी कासवे ही किनाऱ्याला लागलेली असतात. समुद्रातच बुडून गेलेल्यांचे प्रमाण त्यावरून थेट काढता येत नाही. मृत्यूची कारणेही एकमेकांत मिसळलेली असतात. प्लॅस्टिकने दुबळे झालेले कासव जाळ्यात सापडून मेले, तर दोष कोणाकडे द्यावयाचा? शिवाय पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर शतकाला १.२ अंश सेल्सिअस या वेगाने तापला. तेव्हा घरट्यांच्या संख्येत होणारा बदल केवळ प्रदूषणाच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही.

या मर्यादा कमी करण्याचा मार्ग अधिक गहन गणिताचा नसून अधिक काळजीपूर्वक नोंदींचा आहे. वाहून आलेल्या प्रत्येक कासवाची तारीख, स्थळ व कवचाची लांबी. शवविच्छेदनात मिळालेल्या तुकड्यांची संख्या. जाळ्याच्या तुकड्याचा प्रकार. घरट्यातील अंडी, निघालेली पिल्ले आणि वाळूचे तापमान : एवढ्या गोष्टी सर्व किनाऱ्यांवर एकाच पद्धतीने आणि खंड न पडता वीस वर्षे नोंदल्या गेल्या, तर कोकणच्या कासवांसाठी परक्या समुद्रातील परक्या जातीचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत. लांबीची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण मेलेले कासव कोणत्या अवस्थेचे होते हे तिच्यावरूनच कळते आणि सारणीतील कोणता गुणक घटला हे त्यावर ठरते.

वेळासच्या वाळूवरून २००२ नंतरच्या पहिल्या वर्षांत समुद्रात गेलेली जी पिल्ले जगली, ती आता अंडी घालण्याच्या वयास आलेली असावीत. त्यांतील किती परत येतात, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. परंतु त्याचे उत्तर ओळखण्यासाठी आणि ते प्रतिकूल असल्यास कारण कोठे शोधावयाचे हे ठरविण्यासाठी गणितावाचून दुसरे साधन नाही.